इकडील सर्व क्षेम

चि. बाळास,
आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतची छायाचित्रं पोचली. माळा उतरवताना आबांची ट्रंक निघाली आणि तिच्या तळाशी, गोणपाटाच्या तुकड्यात गुंडाळलेली, आबांनी फौजेतून आईला धाडलेली पत्रं होती, हे वाचलं आणि मी बराच वेळ नुसती बसून राहिले. आई गेल्यावर घर दोनदा शाकारलं. त्या उचकापाचकीत ती कुठंतरी गेली, असंच मी इतकी वर्षं धरून चालले होते.

त्यांचं पुस्तक करायचं म्हणतोस, निदान गावापुरतं तरी. कर. पण त्याच पत्रात तू हिरमुसून लिहिलंस की पासष्टच्या पाकिस्तानशी झालेल्या लढाईच्या दिवसांतली अकरा पत्रं आहेत आणि त्यात लढाई कुठेच नाही. म्हैस आहे, सोसायटीचं कर्ज आहे, मनिऑर्डर मिळाली का ही विचारणा आहे, आणि प्रत्येक पत्रात "इकडील सर्व क्षेम" आहे. मग लोकांनी यात वाचायचं काय, असं तू विचारतोस. त्याचंच उत्तर लिहायला बसले आहे. लांबेल, सवडीने वाच.

तू ती पत्रं लढाईविषयीची म्हणून उघडलीस. ती आईला लिहिलेली पत्रं आहेत. म्हणून आधी तुझ्या आजीकडे बघ. तिला तेव्हा अक्षरओळख नव्हती. पोस्टमन निळं आंतरदेशीय तिच्या हातात द्यायचा, ती ते कपाळाला लावायची आणि मला हाक मारायची. मी दहा वर्षांची. शेजारच्या दोघी जणी निवडायचं सूप घेऊन येऊन बसायच्या, भावकीतलं कुणीतरी दारात रेंगाळायचं, आणि मी उंबऱ्यावर बसून खणखणीत आवाजात वाचायची. आबांना हे सगळं डोळ्यासमोर दिसत होतं. बायकोला लिहिलेला शब्द न् शब्द आधी लेकीच्या तोंडून, मग अर्ध्या आळीच्या कानांवरून तिच्यापर्यंत जाणार हे ठाऊक असलेला माणूस खंदकाबद्दल काय लिहील? तो म्हशीबद्दल लिहील. त्या म्हशीत त्याला जे सांगायचं ते सगळं घालील.

शाळेत तुला पानिपत फार आवडायचं, म्हणून तिथलं एक सांगते. इतिहासकार राजवाड्यांनी 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये छापला, त्यात पानिपतापर्यंतची पत्रं आहेत. सदाशिवरावभाऊंनी पानिपतच्या मोहिमेवरून गोविंदपंत बुंदेल्यांना धाडलेली पत्रं काढून वाच. तलवारी शोधशील तर हाती फारसं लागणार नाही. पैका पाठवा, रसद पाठवा, नावा जमवा, नदीला पाणी आहे, अब्दालीची रसद तोडा, हेच पुन्हा पुन्हा. पण त्या मोहिमेचं दुखणं नेमकं तेच होतं. अन्नान्नदशा झालेली फौज १४ जानेवारी १७६१ ला रणात उतरली. दाणागोट्याची ती कंटाळवाणी वाटणारी पत्रं ज्याने आधी वाचली, त्याला तो दिवस कळतो. नुसती लढाई वाचणाऱ्याला कळत नाही.

आबांच्या पत्रांत म्हैस आटली का, वैरण किती राहिली, सोसायटीचा हप्ता कुणी भरला, हे सारखं येतं ना? १९६५ चा पावसाळा आठवणारी आमच्या वयाची माणसं तुला सांगतील. पाऊस ओढला होता. धान्य मिळत नव्हतं. पंतप्रधान शास्त्रीजींनी सोमवारी एक वेळचं जेवण सोडायला सांगितलं होतं, आणि आईने ते इतकं मनावर घेतलं की पुढे कितीतरी वर्षं ती सोमवारी रात्री जेवली नाही. सीमेवरच्या माणसाला आपल्या घरात चूल पेटते की नाही याची काळजी होती. हे तू पुस्तकात टीप देऊन सांग. नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल, हा शिपाई लढाई सोडून वैरणीचं काय घेऊन बसला आहे.

आता दुसरी गोष्ट, आणि हिच्यावर मला जास्त वेळ घालवायचा आहे. पत्र आणि वाचणारा यांच्यात किती हात असतात ते मोज.

पहिल्या महायुद्धात हिंदी फौज फ्रान्सला गेली. पहिल्या तुकड्या सप्टेंबर १९१४ अखेर मार्सेय बंदरात उतरल्या. त्यांतल्या बहुतेक शिपायांना लिहिता येत नव्हतं. ते सांगायचे आणि पलटणीतला एखादा शिकलेला लिहून द्यायचा. ते पत्र आधी पलटणीतला अधिकारी बघायचा. मग फ्रान्समध्येच हिंदी टपालासाठी वेगळी तपासणी कचेरी बसवली होती, तिचा प्रमुख कॅप्टन हॉवेल नावाचा अधिकारी. घरी आलं की ते पत्र गावातला मास्तर नाहीतर पटवारी वाचून दाखवायचा. म्हणजे नवऱ्याचा शब्द बायकोपर्यंत जाईस्तोवर चार परकी माणसं त्याला शिवलेली असायची.

हॉवेलच्या कचेरीला सुरुवातीला धास्ती होती ती ब्रिटिशांविरुद्ध बंडाची हाक देणाऱ्या गदरवाल्यांची पत्रकं शिपायांच्या हाती पडण्याची. पण पुढे तिचं मुख्य काम झालं ते शिपायांच्या मनात काय चाललंय ते सरकारला कळवण्याचं. पत्रांतले उतारे इंग्रजीत करून दर आठवड्याच्या अहवालाला जोडायचे. बाळा, इथे जरा थांबून विचार कर. ती मूळ पत्रं ज्या घरांत गेली त्या घरांच्या पडझडीत, वाळवीत, चुलीत बहुतेक सगळी संपली. उरले ते तपासणी कचेरीचे अहवाल. आज ते लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. डेव्हिड ओमिसी नावाच्या इतिहासकाराने त्यातली साडेसहाशेच्यावर पत्रं निवडून १९९९ मध्ये पुस्तक केलं. आज जगाला त्या शिपायांचा आवाज म्हणून जे ऐकू येतं, ते पाळत ठेवणाऱ्यांनी परक्या भाषेत उतरवून ठेवलेलं आहे. तुझ्याकडे मूळ कागद आहे, मूळ अक्षर आहे, मूळ भाषा आहे. याची किंमत तुला कळावी म्हणून एवढं सांगितलं.

त्या शिपायांनाही माहीत होतं की पत्र फोडलं जातं. मग ते कोड्यात लिहायचे. काळी मिरी संपत आली, आता लाल मिरची वापरायला काढली आहे, अशा अर्थाचा मजकूर त्यांच्या पत्रांत सापडतो. काळी मिरी म्हणजे आपले लोक, लाल मिरची म्हणजे गोरे. तपासणी कचेरीला ते कोडं सुटलंच, पण माणसाची धडपड बघ. आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. पानिपतची बातमी नानासाहेब पेशव्यांना मोती, मोहरा आणि खुर्द्याच्या हिशेबात कळली, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. वाईट बातमीला व्यापाराचे कपडे चढवून धाडायची रीत जुनी आहे. आबांच्या पत्रांत एखादा हिशेब जुळत नसेल, एखाद्या पाहुण्याचं नाव आपल्या गोतात कुठेच बसत नसेल, तर ती चूक समजून गाळू नकोस. मला विचार.

आबांच्या पत्रावर जागेचं नाव कधीच नसायचं. मार्फत ५६ ए.पी.ओ., म्हणजे फौजेचं टपालघर, एवढंच. आईला कितीतरी वर्षं छप्पन हे गावाचंच नाव वाटायचं. "छप्पनला थंडी फार असंल," म्हणायची. आबांनीही ते कधी दुरुस्त केलं नाही. उलट एका पत्रात त्यांनीच लिहिलं होतं की छप्पनला यंदा पाऊस बरा आहे. हे वाक्य सापडलं तर त्याखाली खुलासा लिही, आणि तो आईला हसण्यासारखा लिहू नकोस. नकाशात नसलेल्या गावी तिने नवरा ठेवला होता, ते गाव तिला हवंच होतं.

अक्षराकडे बघ. तुझ्या छायाचित्रांतली पहिली काही पत्रं मोत्यासारख्या अक्षरातली आहेत आणि त्यांत "आपला आज्ञाधारक" वगैरे मायना आहे. ते आबांचं अक्षर नव्हे. तेव्हा त्यांना धड लिहिता येत नव्हतं, पलटणीतला एक नाईक लिहून द्यायचा. बायकोला आज्ञाधारक कोण लिहितो? पण लिहून देणाऱ्याला अर्जाची सवय. पुढे पलटणीच्या वर्गात आबा शिकले आणि मग ते बोजड, ओळ सोडून खाली घसरणारं अक्षर सुरू झालं. त्या पत्रांत "आनी" आहे, "पानी" आहे, "मनीआडर" आहे. एकही शब्द सुधारू नकोस. तुझ्या आत्याने बत्तीस वर्षं शुद्धलेखन शिकवलं, तीच तुला हे सांगते आहे. ज्या दिवशी अक्षर बदलतं त्या दिवशी मायनाही बदलतो, बघून घे. आज्ञाधारक जातो आणि "माझी काळजी करू नये" येतं. तो पहिला कागद त्यांनी स्वतः लिहिलेला. पुस्तकात त्याचं छायाचित्र पानभर छाप.

एकेकट्या पत्रावरून कधी काही ठरवू नकोस. इंग्लंडमध्ये ब्रायटन गावी राजाचा एक जुना महाल आहे. १९१४ च्या शेवटी तिथे जखमी हिंदी शिपायांसाठी इस्पितळ उघडलं. तिथून गेलेल्या पत्रांत झुंबरं आहेत, बागा आहेत, बादशहा भेटायला आल्याचं कौतुक आहे. सरकारला हे हवंच होतं, त्याची चित्रं छापून हिंदुस्थानात वाटली गेली. पण त्याच ब्रायटनमधल्या दुसऱ्या इस्पितळात पहारा कडक होता, बाहेर सोडत नसत, आणि तिथून गेलेल्या पत्रांत कैदेची भाषा आहे. दोन्हीकडचे खरंच लिहीत होते. फ्रान्समधल्या एकाच शिपायाचं एक पत्र शौर्याचं असतं, दुसऱ्यात तो धाकट्या भावाला भरतीला जाऊ नकोस म्हणून परोपरीने विनवतो. कुणी म्हणतं हे महाभारत आहे, कुणी म्हणतं करबला आहे. जवळ तेवढीच मापं होती, त्यांनीच ते मोजत होते. तुलाही आबांचं एखादं पत्र फार शूर वाटेल आणि तेच पहिल्या पानावर घालावंसं वाटेल. त्याच्या मागचं-पुढचं पत्र वाचल्याशिवाय घालू नकोस.

फ्रान्सच्या पत्रांतली मला सगळ्यांत जवळची वाटते ती एक वेगळीच गोष्ट. ही शेतकऱ्यांची पोरं घोडदळ-पायदळातून तिथल्या खेड्यांत राहिली. पुरुष आघाडीवर गेलेले, आणि बाया शेती ओढतात, हिशेब ठेवतात, वर्तमानपत्र वाचतात, हे त्यांनी पाहिलं. काहींना म्हातारीने पोटच्या पोरासारखं जेवू घातलं. आणि ती घरी लिहू लागली की आपल्या मुलींना शाळेत घाला. लढाईने माणसाला काय दाखवलं, याची साक्ष हवी असेल तर हीसुद्धा साक्षच. तोफेच्या आवाजाइतकीच खरी. हे मी उगाच सांगत नाही, पुढे येईनच त्यावर.

मराठी आवाज मात्र त्यात फार थोडा. कारण सरळ आहे. फ्रान्सला पंजाबी, पठाण, डोगरे, गढवाली, गुरखे अधिक होते. आपल्या मराठा पलटणी मुख्यतः मेसोपोटेमियात गेल्या, म्हणजे आजच्या इराकात. पुणे डिव्हिजन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या ६ व्या डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. जनरल टाउनशेंडच्या हाताखाली ही फौज बगदादच्या वाटेवरून मागे हटत कुत-अल-अमारा या गावी अडकली. ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत, जवळजवळ पाच महिन्यांचा वेढा. शिधा आटत गेला, गोऱ्या शिपायांना घोड्याचं मांस द्यायला लागले. आपल्यातल्या कितीतरी जणांनी ते तोंडाला लावलं नाही. हिरड्यांतून रक्त यायला लागलं, पाय सुजले, नदीकाठचं गवत-पाला शिजवून खाल्ला. विमानातून पिठाची पोती टाकून पाहिली, ती कुठे पुरणार? शेवटी तेराएक हजार माणसांनी शस्त्रं ठेवली, आणि पुढे वाळवंटातून तुर्कस्तानाकडे चालवत नेताना त्यातली हजारो मेली.

आपल्या जिल्ह्यातल्या अपशिंगे गावाला नावातच मिलिटरी लागलं आहे. तिथल्या फलकावर त्या युद्धात गेलेल्या ४६ जणांचा आकडा आहे. असे दगडी फलक सातारा-रत्नागिरीकडे गावोगाव दिसतील. या गावातून इतके गेले, इतके परत आले नाहीत, एवढीच दोन ओळींची नोंद. कुतच्या त्या वेढ्यात अपशिंग्याच्या नाहीतर शेजारच्या गावच्या माणसाला आपल्या आईला काय सांगायचं होतं, ते फलकावर नाही. दुसऱ्या महायुद्धातही तेच. माणगावजवळच्या पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले आणि तिथेच पडले. व्हिक्टोरिया क्रॉसच्या गौरवपत्रात त्यांनी काय केलं ते तपशिलाने आहे. बावीस वर्षांचा तो मुलगा घरी काय लिहीत होता, ते गौरवपत्र सांगू शकत नाही. ते त्याचं कामच नव्हे. म्हणून तुझ्या ट्रंकेला मी एवढं जपायला सांगते आहे.

कुतच्या वेढ्यात एक बंगाली डॉक्टर होते, कॅप्टन कल्याणकुमार मुखर्जी. कैदेत असताना १९१७ मध्ये तिकडेच, रास-अल-ऐनला गेले. त्यांची पत्रं कलकत्त्याला घरी येत असत. त्यांच्या आजीने, मोक्षदादेवींनी, पिकल्या म्हातारपणी, ऐंशीच्या घरात असताना, नातवाचं चरित्र लिहून १९२८ मध्ये 'कल्याण-प्रदीप' नावाने छापलं. त्यात पत्रं घातली. सुरुवातीला नवा मुलूख बघणारा तरुण डॉक्टर त्यात दिसतो. पुढे जखमींचे ढीग बघून बघून त्याची भाषा बदलते, आणि एके ठिकाणी तर तो ज्या देशाभिमानापायी एक देश दुसऱ्याच्या उरावर बसतो, त्यालाच या रक्तपाताचा दोष देतो. इंग्रजांच्या राज्यात हे छापणं सोपं नसणार. आजीने गाळलं नाही. पुस्तक कसं करावं असं मला विचारशील तर मी तुला त्या आजीचं नाव सांगेन. पत्रं पूर्ण छाप, तारखेच्या क्रमाने छाप, आणि जिथे तुला अवघड वाटेल तिथेही कात्री लावू नकोस.

त्याच वाळवंटातून बंगालचे शिशिर सर्वाधिकारी रुग्णसेवेतल्या साध्या शिपायाच्या नात्याने गेले. ते रोजनिशी ठेवत. पकडले गेल्यावर त्यांनी पानं फाडून बुटात दडवली आणि मागाहून पुन्हा उतरवून काढली. रोजनिशी वाचताना लक्षात येतं की ती कुणाला धीर देण्यासाठी लिहिलेली नाही. तिथे भूक ही भूकच असते. पत्रात तीच भूक "जेवणाची सोय बरी आहे" होऊन बसते. पत्र खोटं आहे असं मी म्हणत नाही. आईने घास खाली ठेवू नये एवढ्यासाठी ते तसं लिहिलेलं असतं, आणि तेही त्या माणसाबद्दलचं खरंच आहे. आबांनी रोजनिशी ठेवली नाही. तेव्हा त्यांच्या "सोय बरी आहे"च्या आत तुलाच जावं लागेल. कोणत्या पत्रात "बरी" आहे आणि कोणत्यात "फार चांगली", ते मांडून बघ. मला आठवतं, फार चांगली असली की आई गप्प व्हायची.

याच्याच जवळची आणखी एक साक्ष आहे, ती कागदावर नाही. बर्लिनजवळ व्यून्सडॉर्फला जर्मनांनी हिंदी आणि इतर कैद्यांची छावणी केली होती. तिथे भाषातज्ज्ञांनी कैद्यांचे आवाज तबकड्यांवर घेतले. डिसेंबर १९१६ मध्ये मल्लसिंग नावाच्या एका पंजाबी शिपायाला यंत्रासमोर उभं केलं, तेव्हा तो लोण्याबद्दल बोलला. एक माणूस होता, तो हिंदुस्थानात लोणी खायचा, आता त्याला घरी जायचं आहे, अशा धर्तीचं ते बोलणं. दीड मिनिटही नसेल. तबकडी आज बर्लिनच्या विद्यापीठात आहे. लोण्याबद्दल बोलणारा तो आणि म्हशीबद्दल विचारणारे आपले आबा, यांत मला काही अंतर वाटत नाही.

आता कागदाचं. हे आधी वाच आणि आजच कर. आंतरदेशीयाच्या घड्या फाटत आल्या असतील, त्यांना चिकटपट्टी लावू नकोस, लॅमिनेशन तर अजिबात नको. रबरबँड, टाचण्या, पिना काढ, गंजाचा डाग कागद खातो. मऊ पेन्सिलने मागच्या बाजूला हलकेच क्रमांक घाल, शाईचं पेन ट्रंकेजवळ नेऊच नकोस. पत्रांसोबत पाकिटं आणि टपालाचे शिक्के जप, कारण लिहिल्याची तारीख आणि पोचल्याची तारीख यांतलं अंतर कधी चार दिवसांचं असतं, कधी चाळीस. ज्या दिवसांत पत्रच नाही ते दिवसही लिहून काढ. पावसाळ्याआधी सगळ्यांची छायाचित्रं घेऊन दोन ठिकाणी ठेव. आणि ट्रंकेत मनिऑर्डरची कुपनं शोध. पैशाबरोबर चार शब्द लिहायला तेवढी बोटभर जागा मिळायची, त्यात आबांनी कधी कधी पत्रापेक्षा जास्त लिहिलं आहे.

आईची पत्रं तुला सापडणार नाहीत. ती बोलायची, मी लिहायची, आणि आबा ती वाचून ठेवायचे तरी कुठे? हलायचा हुकूम आला की शिपाई कागद बाळगत नाही. जगातल्या सगळ्या लढायांत घरून गेलेली पत्रं अशीच गेली. पण आबांच्या उत्तरांत ती अर्धी सापडतील. "म्हशीचं कळलं", "अण्णांशी वाद घालू नये", "तू लिहिलंस ते मनास लागलं", अशी वाक्यं वेगळी काढ. त्यांच्यावरून तुझ्या आजीचा एक कागद तयार होईल. पुस्तकात तोही छाप. नाहीतर पुस्तक एकाच माणसाचं होईल, आणि ती पत्रं कधीच एका माणसाची नव्हती.

गावातल्या अण्णांच्या वादाचं छापण्याआधी त्यांच्या नातवंडांना विचार. पत्रांत ज्यांची उसनवारी, भांडणं, आजार आले आहेत त्यांची घरं अजून गावात आहेत. विचारून ते नाही म्हणाले तर नाव गाळ, आणि गाळलं आहे हे तिथे स्पष्ट लिही.

आता राहिलेलं सांगते. तुला सगळे हात मोजायला सांगितले. त्यांत एक हात माझाही आहे.

सप्टेंबर १९६५ च्या पहिल्या आठवड्यातलं एक पत्र असेल. आमच्याकडे ते पोचलं तेव्हा युद्धबंदी होऊन गेली होती, पण आबांची खबर नव्हती. ग्रामपंचायतीच्या रेडिओभोवती रोज माणसं जमायची आणि आई दारातून हलायची नाही. मी पत्र फोडलं आणि नेहमीसारखं मोठ्याने वाचायला लागले. मध्यावर एक ओळ आली. माझं काही बरंवाईट झालं तर थोरलीला शाळेतून काढू नकोस. थोरली म्हणजे मीच. माझी नजर त्या ओळीवरून पुढे गेली आणि परत आली. समोर आई बसली होती, शेजारणी बसल्या होत्या. मी वाचलं, "थोरलीला शाळेतून काढू नकोस. बाकी इकडील सर्व क्षेम." अर्धं वाक्य गिळून टाकलं.

आई म्हणाली, "कोण काढतंय हिला? हे काय लिहिलंय मधेच?" आणि पुन्हा वाचायला लावलं. मी पुन्हा तसंच वाचलं.

आबा सुखरूप आले. त्या वाक्याचा विषय माझ्याकडून त्यांच्यापाशी कधी निघाला नाही. १९५९ साली साताऱ्यात सुरू झालेली ग्रामशिक्षण मोहीम आमच्या वाडीवर उशिरा पोचली, पण पोचली, आणि आई कंदिलाच्या उजेडात पाटी घेऊन बसायला लागली. वर्षभरात तिला अडखळत का होईना वाचता यायला लागलं. मग दुपारची ती ट्रंक उघडून बसायची आणि बोट ठेवून एकेक पत्र लावायची. त्या पत्रापर्यंत ती कधी पोचली असेल, मला माहीत नाही. मी विचारलं नाही, तिने काढलं नाही. मी अकरावी झाले, कॉलेजात गेले, मास्तरीण झाले. शाळेतून मला कुणी काढलं नाही, एवढं खरं.

तुझ्या छायाचित्रांत ते पत्र मला दिसलं नाही. पुन्हा शोध, दुसऱ्या एखाद्या पत्राच्या घडीत चिकटलं असेल. सापडलं तर त्याचं छायाचित्र धाडू नकोस आणि टपालानेही पाठवू नकोस. दिवाळीत येशील तेव्हा कागदच घेऊन ये. चष्मा आता जाड झाला आहे, पण मी तुला ते मोठ्याने वाचून दाखवीन, सगळं.

वहिनीस नमस्कार. ट्रंक भिंतीला टेकवून ठेवू नकोस, ओल येते.

तुझी,
आत्या